टेपसोबत एक माणूस

आमच्या ऑफिसात संध्याकाळी पाचच्या ठोक्याला उठून उजळ माथ्यानं घरी जाणारा माणूस एकच होता, आणि तो मी. त्यात माझी हुशारी काही नाही. सगळी कृपा टेपची.

कंपनी आमची कापसाची. सरकी काढायचं जिनिंग हिंगणघाटला, खरेदीचं सेंटर आर्वीला आणि ऑफिस वर्ध्याला. दिवसभरात किती गाड्या आल्या, काट्यावर किती वजन भरलं, कोणाचा माल कोणत्या ढिगात गेला, हे सगळं कॉम्प्युटरमधून रोज संध्याकाळी एका टेपवर उतरवून घ्यायचं. टेप म्हणजे जुन्या गाण्याच्या कॅसेटची जाडजूड मोठी बहीण. ती ऑफिसात ठेवायची नाही. ऑफिसला आग लागली तर कॉम्प्युटरही जाईल आणि टेपही, मग बसा बोंबलत. म्हणून ती रोज गावाबाहेर मुक्कामाला जायची. गावाबाहेर म्हणजे आंजी मोठी या गावी, माझ्या घरी, बायकोच्या लुगड्यांच्या कपाटात.

माझ्या आधी हे काम ज्याच्याकडे होतं, तो गृहस्थ एकदा टेप एसटीत विसरून उतरला. टेप आर्वी डेपोत रात्र काढून दुसऱ्या दिवशी परत आली, पण साहेबांनी धसका घेतला. त्यांनी नियमच करून टाकला : टेप एकटी जाणार नाही. उजेडात निघेल, सोबत एक माणूस असेल, आणि तो माणूस कुठंही न थांबता थेट घरी जाईल. इतका सुंदर नियम मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

कारण आमच्याकडे दुसरा एक नियम होता, तो कोणी कधी कागदावर आणला नाही. साहेबांच्या केबिनचा दिवा बंद झाल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. साहेब आठ-आठ वाजेपर्यंत बसायचे. काय करायचे, देव जाणे. बाहेर सगळे आपले माना खाली घालून बसलेले. काम संपलेलं, पण कोणी उघडलेली फाइल पुन्हा उघडून राह्यला, कोणी टेबल पुसून राह्यला. त्यांच्यामधून मी डब्याच्या पिशवीत टेप टाकून ऐटीत निघायचो. पाठीवर सगळ्यांच्या नजरा चटके द्यायच्या, आणि खोटं कशाला बोलू, मला फार मजा यायची.

घरी बायको ओसरीत कॅरमबोर्ड मांडून, पावडर टाकून तयार बसलेली असायची. पोरं पुण्याला. घरात आम्ही दोघंच. दिवसभरात नवरा-बायकोचं जे काही बोलणं होतं ते आमचं त्या बोर्डावरच व्हायचं. कोणाचं लग्न जमलं, कोणाचं मोडलं, पोराचा फोन आला का, गुडघा कसा आहे, सगळं. ती भयंकर खेळते. राणी घेतली की कव्हरसकट घेते आणि वर माझ्याकडे पाहून, "काहो, झोप लागली का?" असं विचारते. वर्षानुवर्षं मी हरत आलो आहे. पण तो एक तास कोणी माझ्याकडून काढून घेतला असता तर मी त्याला चावलो असतो.

आणि तेच होणार होतं. साहेब नागपूरच्या कोणत्या तरी मीटिंगला गेलते, ते क्लाऊड घेऊन परत आले. "आता टेप बंद," म्हणाले. "सगळं क्लाऊडवर. तुमची रोजची दगदग गेली, काका."

दगदग! मी कपाळावर हात मारून घेतला, मनातल्या मनात.

सगळं बसवून द्यायला नागपूरहून एक पोरगी आली. इंजिनिअर. हसतमुख, बोलायला चुरचुरीत. मी तिच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं, पण तिनं खुर्ची ओढून माझ्याशेजारीच बैठक मारली.

"काका, टेप बंद नाही होत पूर्ण," ती म्हणाली. "टेप राहते. पण खरी नसते."

"खोटी?"

"व्हर्च्युअल."

"म्हंजे खोटीच न बाप्पा."

मग तिनं समजावून सांगितलं. आपलं बॅकअपचं सॉफ्टवेअर जुनं. त्याला टेपशिवाय काही कळत नाही. नवीन घेतलं तर सगळंच बदलावं लागेल. म्हणून त्याला असं भासवायचं की ऑफिसात टेपांची एक मोठी लायब्ररी आहे. तिच्यात कप्पे आहेत, टेप वाजवणाऱ्या ड्राइव्ह आहेत, टेप उचलून आत टाकणारा एक यांत्रिक हात आहे. सॉफ्टवेअर बिचारं खुशीत टेप भरत बसतं. खरं पाहता तिथं काहीच नसतं, माल सगळा इंटरनेटवरून दूर कुठं तरी जाऊन पडतो.

"म्हंजे तुम्ही सॉफ्टवेअरले उल्लू बनवून राह्यल्या."

"हो काका. माझा पगारच त्याचा आहे."

इथून पुढं मला ती पोरगी आवडायला लागली.

"ड्राइव्ह किती दाखवू?" तिनं विचारलं.

"खरी होती ते एकच होती, अन् तेबी रडकी. नसलेल्याच दाखवाच्या तं दहा दाखव. कंजुषी काऊन करतं?"

तिनं खरंच दहा दाखवल्या. मग प्रत्येक टेपच्या नंबराआधी चार इंग्रजी अक्षरं लागतात म्हणाली, कोणती देऊ? मी म्हटलं, आंजी टाक. इंग्रजीत आंजी बरोब्बर चार अक्षरांत बसते. मग तिनं शेवटची गोष्ट सांगितली. टेप लायब्ररीतून बाहेर काढायचं एक बटण आहे. ते दाबलं की टेप दूरच्या कोठारात जाऊन पडते. तिथून परत मागवली तर यायला बराच वेळ लागतो. "म्हणून रोज नका काढू, काका. अलीकडच्या टेपा हाताशी असू द्या."

मी ऐकलं. या कानानं ऐकलं. पण अहो, दिवस संपला आणि टेप मशीनमध्येच! जेवण झाल्यावर ताटं तशीच ठेवून झोपल्यासारखं वाटायचं मला ते. हात आपोआप बटणाकडं जायचा.

सगळं बसल्यावर साहेब पाहायला आले. हातांची घडी घालून पडद्याकडं पाहिलं. "मंग आता संध्याकाळी टेप जाते कुठं?"

"कोठारात, सर. खूप दूर."

"घेऊन कोण जाते?"

"कोणी नाही सर. आपोआप जाते."

"एकटी?"

साहेबांचा चेहरा असा पडला की पोरगीही गांगरली. मला मात्र देव दिसला. मी उठून उभा राहिलो. "सायेब, नियम तं तुमचाच हाय. टेप एकटी जात नाई."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. आठवडाभर मशीनला फसवून बसलेली बाई ती, तिला माझा धंदा कळायला किती वेळ लागणार? "सर," ती गंभीर तोंड करून म्हणाली, "प्रोसेसमध्ये एक माणूस असलेला बराच."

झालं. रोज पाचला मी बटण दाबायचो, टेप आपली जायची तिकडं दूर, आणि मी तिच्यासोबत जायचो आंजीला. साहेबांना माझ्या हातात काही तरी दिसलं की बरं वाटायचं, म्हणून टेपची एक रिकामी डबी पिशवीत टाकायचो. घरी बायको नेहमीसारखी ती डबी घेऊन कपाटातल्या डब्यात ठेवायची. तिला मी क्लाऊडचं काही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं असतं तर गावाला कळलं असतं, गावाला कळलं असतं तर एसटीच्या कंडक्टरला कळलं असतं, आणि वर्ध्यात मग कोणाला कळायचं राहिलं असतं?

उन्हाळा लागला तेव्हाची गोष्ट. पोरगी महिन्याची तपासणी करायला आली होती. मी नेहमीप्रमाणं निघून गेलो आणि माझ्यामागं आर्वी सेंटरचा कॉम्प्युटर धडकन बंद पडला. आठवड्याच्या वजनांचा सगळा हिशेब गायब. आणि सकाळी गाड्या उभ्या राहणार. साहेबांनी मला फोनवर फोन केले. फोन आमचा आत चार्जिंगला, आणि बाहेर राणी मधोमध. कोण उचलतो?

रोज माझ्याकडं डबी पाहून साहेब ते दूरचं कोठार विसरूनच गेले होते. त्यांना वाटलं, घाबरायचं काय, टेप काकांकडं आहे. पडद्यावर नंबरही आंजीचाच दिसत होता. त्यांनी पोरीला जीपमध्ये घातलं आणि स्वतः गाडी हाणत आंजी गाठली. रस्ताभर ती, "सर, ऐका न," म्हणत होती, असं तिनं मला नंतर सांगितलं. साहेब ऐकणारे नव्हेत.

ओसरीसमोर जीप थांबली तेव्हा माझं बोट स्ट्रायकरवर होतं.

"टेप कुठं हाय?" साहेब उतरता उतरताच ओरडले. "अन् फोन काऊन नाई उचलत तुम्ही?"

मी स्ट्रायकर मुठीत लपवला. बायको मात्र लगबगीनं उठली. कंपनीचे साहेब घरी आलेले! ती आतून स्टीलचा डबा घेऊन आली आणि अभिमानानं म्हणाली, "हे पाहा सायेब. हात धुतल्याबिगर हात नाई लावत आमी."

साहेबांनी एक डबी उघडली. रिकामी. दुसरी उघडली. रिकामी. तिसरी उघडून उलटी करून झटकली. मग ते माझ्याकडं पाहायला लागले, आणि बायकोही माझ्याकडं पाहायला लागली. दोघांत जास्त भीती कोणाची वाटली ते मी सांगत नाही.

पोरीनं तोवर लॅपटॉप उघडला होता. आमच्याकडं नेटवर्क फक्त तुळशीजवळ येतं, म्हणून ती तुळशीच्या ओट्यावर टेकली. "सर, मागवली मी टेप. पण ती कोठारात गेलेली आहे. यायला सकाळ होईल."

"कोठार आंजीत नाई काय?"

"नाही सर. आंजी तिचं फक्त नाव आहे."

"मंग हाय कुठं?"

"खरं सांगू का सर? मलाही नक्की माहीत नाही."

साहेब मटकन बाजेवर बसले. मग त्यांनी मला विचारलं, आणि आवाज चढवला नाही म्हणून मला जास्तच धडकी भरली. "मंग इतके दिवस तुम्ही रोज पाच वाजता काय घेऊन येत होते?"

मी सोंगट्यांकडं पाहिलं. गेली आपली बस, गेली ओसरी. आता रिटायर होईपर्यंत रोज आठ वाजेतो त्या केबिनच्या दिव्याकडं पाहत बसा, आणि घरी ती एकटी. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

उत्तर बायकोनं दिलं. "कॅरम खेळाले येत होते," ती म्हणाली. "अन् रोज हारत होते. च्या घेता न सायेब?"

तिनं चहा आणला, सोबत गोरसपाक बिस्किटं. साहेबांनी आर्वीला फोन लावून सांगितलं की टेप निघाली आहे, सकाळी पोचते. त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते गोरसपाक चहात बुडवत बोर्डाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "हे राणी कोणाची?"

"जो घेईन त्याची," बायको म्हणाली. "बसा."

साहेब बसले. कॉलेजात चॅम्पियन होतो म्हणाले. बायकोनं त्यांना असं धुतलं की पोरगी तुळशीपाशी तोंडावर ओढणी धरून हसत होती. साहेब म्हणाले, अजून एक डाव. तोही गेला. तिसऱ्या डावाला त्यांनी बाह्या वर केल्या. त्यात एकदा राणी त्यांच्याकडं गेली तेव्हा ते इतक्या जोरात ओरडले की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. मधेच ते थांबले आणि अंगणात पाहायला लागले.

"काऊन हो काका, तुम्ही घरी येता तवा रोज इतका उजेड असते काय?"

"असते सायेब."

ते पुन्हा बोर्डाकडं वळले. अंधारून आल्यावर पोरीला घेऊन निघून गेले. माझ्यावर रागावलेही नाहीत. त्यामुळं मला जेवण गेलं नाही. बायको रिकाम्या डब्यांवरून मला बोलून घेत होती, तेही नीट ऐकू आलं नाही.

सकाळी टेप आली. पोरीनं तिच्यातून वजनं काढून आर्वीला पाठवली, गाड्या लागल्या, सगळं सुरळीत झालं. मी आपला साहेबांच्या बोलावण्याची वाट पाहत बसलो. बोलावणं आलं दुपारी. आत गेलो तर साहेब खिडकीबाहेर पाहत उभे.

"मी विचार केला," ते म्हणाले. "टेपची जिम्मेदारी एकाच माणसावर ठेवणं बराबर नाई. आजपासून मीबी सोबत निघीन."

"आंजीले?"

"आपापल्या घरी हो!"

पाच वाजता मी बटण दाबलं आणि केबिनचा दिवा गेला. ऑफिसात सगळे एकमेकांकडं पाहायला लागले. कोणाला वाटलं लाइनच गेली. मग साहेब बॅग घेऊन बाहेर आले, माझ्याकडं पाहून मान हलवली आणि चालू लागले. त्यांच्यामागं इतक्या खुर्च्या एकदम सरकल्या की वॉचमन धावत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आपल्या केबिनमध्ये जायच्या ऐवजी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. जरा घुटमळले.

"काल गेलो न घरी," ते हळूच म्हणाले. "बायकोनं दार उघडलं, अन् मले पाहून घाबरलीच. म्हणे, काय झालं, तब्येत बरी नाई काय? कपाळाले हात लावून पाह्यला तिनं."

"मंग?"

"मंग काय. म्या म्हटलं, हो, जराशी कणकण हाय." साहेब खाली पाहून हसले. "किती वर्षांनी हात लावला हो तिनं."

एवढं बोलून ते आत गेले, आणि आम्ही दोघंही पाच वाजायची वाट पाहत कामाला लागलो.