न विचारता लावलेली टिकली

‘ताई, हा फोटो बघून लेकरं शिकायला येतील का पळून जातील?’ मी विचारलं.

बाई हसल्या. मोबाइल काउंटरवर होता. सेल्फीत मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे, डोक्यातून उगवल्यासारखा पंखा, आणि फोन खाली धरल्यामुळे नजरेत भरत होत्या त्या नुसत्या नाकपुड्या.

मीनाक्षीताई भोकरच्या. घरी पाचवी ते सातवीच्या मुलांची शिकवणी घ्यायच्या. आता त्यांना ऑनलाइन क्लास सुरू करायचा होता, म्हणून व्हॉट्सॲपला आणि फेसबुक पेजला बरा फोटो हवा होता. ‘सासऱ्यांनी कसंबसं हाव म्हणलंय. फोटोत नाव ठेवायला जागा नको,’ त्या म्हणाल्या.

नांदेडात माझा स्टुडिओ आहे. तीस वर्षं लग्नं केली, म्हणजे दुसऱ्यांची. हल्ली डीपीवाली गिऱ्हाइकंही येतात. त्यांना मी आधी त्यांच्याच मोबाइलवर फोटो काढायला शिकवतो. बायको म्हणते, स्वतःच्या हाताने धंदा बुडवायची हौस आहे तुम्हाला. असो. मीनाक्षीताईंना खिडकीकडे तोंड करून बसवलं. लेन्स पदराने पुसायला लावली, कारण निम्मे फोटो बोटाच्या तेलकट डागाने खराब होतात. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, पाठीमागे कोरी भिंत.

‘आता कॅमेऱ्याला पोज देऊ नका. मागच्या बाकावर दंगा चालू हाय, त्या पोरांकडं बघा.’

त्यांनी असं काही पाहिलं की मीच गप्प झालो. फोटो झकास आला.

‘थोडं रिटच करून संध्याकाळी पाठवतो,’ मी म्हणालो. रिटच म्हणजे फोटोवर केलेली बारीकसारीक दुरुस्ती. घामाची चकाकी, एखादी पुटकुळी, उडालेले केस. आमच्याकडच्या उन्हातल्या लग्नांत नवरीची टिकली घामाने हमखास पडते, तीही आम्ही कॉम्प्युटरवर परत लावतो. तीस वर्षांत हाताला इतकी सवय झाली आहे की मोकळं कपाळ दिसलं की हात आपोआप चालतो. मीनाक्षीताईंच्या कपाळावरही चालला. एक छोटी मरून टिकली. चेहरा कसा भरल्यासारखा दिसला. मी खूश होऊन फोटो पाठवला. तिकडून अंगठा आला.

तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा दुकानात उभ्या. डोळे सुजलेले.

‘भाऊ, ती टिकली काढून द्या.’

‘का हो? चांगली शोभून राहिली की.’

‘मालक वारून दोन वर्षं झाली. काल सासऱ्यांनी फोटो पाहिला. क्लासच बंद कर म्हणून राहिले.’

गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. आजकाल बऱ्याच शिक्षिका घालत नाहीत, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. अंदाज माझा आणि बोलणी त्यांना. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मी माफी मागितली आणि लगेच कॉम्प्युटरवर बसलो. टिकली काढली. त्याच नावाने फाइल सेव्ह केली, म्हणजे जुनी आपोआप गेली. मग त्यांचा मोबाइल मागून घेतला. पेजवरचा फोटो बदलला, डीपी बदलला, गॅलरीतला आणि दोघांच्याही चॅटमधला डिलीट केला, कचऱ्याच्या डब्यातूनही काढला. चूक पुसायची मला कोण घाई!

त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. ‘तो गेला का?’

‘पार गेला. नावनिशाणी ठेवली नाही.’

‘एक ठेवायचा होता मला.’

‘अं?’

‘पेजवर न्हाई. माझ्यापाशी. मला ती टिकली पहिल्याच दिवशी दिसली होती. मी बोलले न्हाई.’

मी कीबोर्डकडे वळलोच. ‘अहो, दोन मिनिटांचं काम. पुन्हा लावून देतो.’

‘नको, भाऊ.’ त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला. ‘तुमच्या हातून चुकून लागली होती, तवर ठीक होतं. आता मीच मागून कशी लावून घेऊ?’

त्या भोकरच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

सासऱ्यांचा राग निवळला. क्लास सुरू झाला, चांगला चाललाय, पेजवर पालकांच्या कौतुकाच्या ओळी दिसतात. वर तोच फोटो आहे, मोकळ्या कपाळाचा. उजेड बरोबर, मागे कोरी भिंत, नजर मागच्या बाकावर. धंद्याच्या नजरेने खोट काढायला जागा नाही. मला मात्र तो बघवत नाही.

आता रिटचला बसण्याआधी मी गिऱ्हाइकाला एकदा विचारतो. आणि काही पुसायचं असेल तर दोनदा विचारतो. त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं.