गॅरेजमधला पाळणा

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत तळमजल्याला एक गॅरेज आहे. बिल्डरने ते कुणाच्या गाडीसाठी बांधलं होतं हे आता कुणाला सांगता येत नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा कुणाकडेच गाडी नव्हती, आणि गाड्या आल्या तोवर गॅरेज भरून गेलं होतं. गंजलेले कूलर, पाण्याची पिंपं, एका दाराची दोन कपाटं, टीव्हीचे रिकामे खोके, मुलांच्या सायकली. ती मुलं आता स्वतः नोकऱ्या करतात. ज्याला जे घरात नको झालं आणि टाकवलंही नाही, ते त्याने खाली आणून ठेवलं. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "राहू दे, लागतं कधी."

मी ठाण्याच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी माझी आई गेली. आम्ही दोघीच होतो. मी लग्न केलं नाही, आणि त्याची कारणं आता सांगण्यासारखी उरलेली नाहीत. दोन खोल्यांचं घर एकाएकी मोठं झालं. सकाळी भांडी घासून झाली की दुपारपर्यंत करायला काही नसे, आणि दुपारनंतर तर मुळीच नसे. अशाच एका दुपारी मी खाली गॅरेजच्या दाराशी उभी राहिले आणि मनात आलं, इथे सुतारकाम करता येईल.

हे असं एकदम का सुचलं, तर ते एकदम नव्हतं. आमच्या तालुक्याच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलगे सुतारकामाला जात आणि मुली शिवणाला. शिवणाच्या खोलीतून समोरची सुतारशाळा दिसायची. मी रुमालाला टीप घालता घालता तिकडे बघत बसायची. रंध्याच्या तोंडातून लाकडाची ढलपी गुंडाळी होऊन बाहेर पडायची, पातळ, उजेड आरपार दिसेल इतकी. मला ते हातांनी करून पाहायचं होतं. शाळेबद्दल माझी तक्रार मात्र कधीच नव्हती आणि नाही. माझी आई लोकांच्या शेतावर खुरपणीला जायची, तिला सही येत नव्हती. अशा घरातली मुलगी बी.ए. झाली ती त्या शाळेतल्या बाईंमुळे. त्यांनी मला वसतिगृहात जागा मिळवून दिली, स्वतःची जुनी पुस्तकं दिली, आणि सुट्टीत घरी गेले की परत पाठवा म्हणून आईला दोनदा निरोप धाडला. त्यांनी मला शिवण शिकवलं. सुतारकाम राहून गेलं, इतकंच.

सोसायटीच्या सभेत मी गॅरेज मागितलं तेव्हा सेक्रेटरी हसले. "ताई, तुम्ही आणि सुतारकाम? काय, आमची खुर्ची बनवून देणार का? गेल्या निवडणुकीपासून हलतेय." सगळे हसले, मीही हसले. या इमारतीत मी पुष्कळांचे अर्ज लिहून दिले आहेत, त्यामुळे मला कुणी नाही म्हणत नाही. त्यांनी दोनच अटी घातल्या. दुपारी झोपेच्या वेळेला ठोकाठोकी नको, आणि ज्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय हलवायची नाही.

म्हणून मी घरोघर फिरले. बेल वाजवायची आणि विचारायचं, तो निळा कूलर तुमचा का, त्या सायकलीचं काय करू. लोक आत बोलवायचे, चहा ठेवायचे. सायकलीवरून मुलाची गोष्ट निघायची, मुलावरून सुनेची. एका घरी मी बादलीभर जुन्या नळांबद्दल विचारायला गेले आणि तासाभराने नळांचं नावही न काढता परत आले. त्या दिवसांत मी जितकी बोलले तितकी आईच्या मागे कधी बोलले नव्हते. गॅरेज रिकामं होत चाललं तसं मला आतून वाटायचं, अजून थोडं सामान निघू दे.

शेवटी कोपऱ्यात चादरीखाली झाकलेला पाळणा राहिला.

सागवानी होता. खाली लाकडी उभा साचा, म्हणजे पायांची चौकट, आणि त्यात टांगलेला कठडे असलेला पाळणा. तळमजल्यावर पूर्वी राहणाऱ्या एका कुटुंबाने आणलेला. ते लोक कधीच दुसरीकडे निघून गेले, पण पाळणा इथेच फिरत राहिला. इमारतीतलं प्रत्येक मूल त्यात झोपलेलं आहे. आता इमारतीत लहान मूल नाही आणि तो कुणाच्याच घरात मावत नाही. न्यायला कुणी तयार होईना आणि टाकायलाही कुणी तयार होईना. पाळणा मोडत नाहीत, भंगारात घालत नाहीत, रिकामा हलवतही नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडेच असू दे की. तुम्ही नीट ठेवाल." त्या माझ्याच वयाच्या, माझ्या बरोबर डोक्यावरच्या घरात राहणाऱ्या. त्यांची मुलगी लहानपणी माझ्याकडे गणितं सोडवायला यायची.

या पाळण्याशी माझं नातं सांगायला हवं. इमारतीतल्या प्रत्येक बारशाला मी गेलेली आहे. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि आधी कुंची घातलेला वरवंटा, मग बाळ, पाळण्याच्या वरून आणि खालून या हातातून त्या हातात देतात. त्या बायकांत मला कधी कुणी बोलावलं नाही. नको असंही कधी कुणी म्हटलं नाही. वेळ आली की कुणीतरी माझ्या हातात घुगऱ्यांचं पातेलं द्यायचं. "ताई, तेवढं वाटायला घ्या ना, तुमचा हात नेमका आहे." मी स्वयंपाकघराच्या दारातून वाट्या भरायची आणि बाहेरचा गलका ऐकायची. पहिल्यांदा वाईट वाटलं होतं. नंतर मी आपणहूनच पातेल्याकडे जाऊ लागले.

गॅरेजमध्ये मी एक जुना दरवाजा आडवा टाकून बाक केला. करवत, रंधा, पटाश्या, काटकोन बघायचा गुण्या घेतला. फोनवर व्हिडिओ बघून शिकले. पहिला पाट डुगडुगला, दुसरा थोडा कमी डुगडुगला. शटर मी अर्धंच वर करायची, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. हळूहळू मला इमारतीतले सगळे पाय ओळखू येऊ लागले. पाय थांबायचे नाहीत. सुरुवातीला कौतुकाने दोन-चार जण वाकून बघून गेले होते, मग ज्याचा तो कामाला लागला. एकदा पटाशी निसटली आणि डाव्या तळव्यात शिरली. फार नव्हतं, पण एका हाताने दुसऱ्या हाताला पट्टी बांधता येत नाही. एक टोक दातात धरून मी कशीबशी गाठ मारली आणि तशीच बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. आई असती तर आधी ओरडली असती.

मग एका सकाळी दोन पाय शटरपाशी थांबले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वाकून आत आल्या. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती हे मला ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "पाळणा आहे ना अजून? बारशाला लागेल आता." मी म्हटलं, आहे, आणि दुरुस्तही करून देते. कठड्याची एक दांडी गेली होती, आणि साच्याचा खालचा आडवा दांडा ज्या खुंटीने बसतो ती झिजली होती.

मला त्या कामातून काय हवं होतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. या वेळी पाळणा मी उभा केलेला असणार, मग मला पाळण्याशी उभं केल्याशिवाय कसं राहतील? एकदा ते बाळ माझ्या हातातून पुढे जावं. एवढंच. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी सांगितलंही नाही.

दांडी छान झाली. खुंटीसाठी शीळफाट्याच्या रस्त्यावरच्या वखारीतून लाकूड आणलं. वखारवाला म्हणाला होता, अजून ओल आहे, काही दिवस वाळू द्या. मी ते बाकाखाली वाळत ठेवलं. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या बरंच आधी बाळ आलं. मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी ठरलं, आणि मी त्याच लाकडाची खुंटी तासून ठोकून बसवली. हलवून पाहिलं, घट्ट होती. पाळणा वर चढवायला तरणी मुलं आली होती, मी त्यांच्या मागोमाग प्रत्येक पायरीला "जपून" म्हणत गेले.

बारशाला मी आईची जरीची साडी नेसले. घर भरलेलं होतं, कल्याणहून सासरची माणसं आली होती. पाळण्याला झेंडूच्या माळा आणि फुगे लावले होते. विहीणबाईंनी पाळण्यावरून हात फिरवत म्हटलं की असा पाळणा आता मिळत नाही, आणि वहिनी म्हणाल्या, आमच्या ताईंनी नीट केलाय. मी कठड्यापासून दोन हातांवर उभी होते. पातेल्याकडे मुद्दाम गेले नव्हते. बायका जमू लागल्या. कुणीतरी मला म्हणालं, "ताई, घुगऱ्या..." मी ऐकलं नसल्यासारखं केलं. आयुष्यात पहिल्यांदा.

वरवंटा वरून गेला, खालून आला. दुसऱ्या फेरीला एक धिप्पाड काकू साच्यावर रेलल्या आणि पाळणा करकरला. लाकूड वाळून आकसलं होतं आणि खुंटी अर्धी बाहेर आली होती. साचा फाकायला लागला. बायका मागे सरल्या, सासरच्या कुणीतरी "असं कसं" म्हटलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पाचर आणि ती ठोकायची लाकडी मोगरी, दोन्ही खाली गॅरेजमध्ये होती. बाळ रडायला लागलं होतं आणि आत्या कानात नाव सांगायची वाट बघत होती.

मी खाली बसले, दांडा आणि साच्याचा पाय दोन्ही हातांनी एकत्र आवळून धरले आणि म्हटलं, "मी धरते. तुम्ही चालू द्या."

त्यांनी चालू केलं. माझ्या डोक्यावरून हात गेले, बांगड्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "ताई, मान जरा खाली घ्या हं," आणि मी घेतली. मग बाळ पाळण्याखालून आलं, या बाजूच्या हातांतून त्या बाजूच्या हातांत, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावरून. वेखंडाचा वास आला. तिचे डोळे मिटलेले होते आणि रडणं थांबलेलं होतं. मी हात सोडले असते तर सगळं एका बाजूला आलं असतं. मी सोडले नाहीत. तिला पाळण्यात ठेवलं, आत्याने कानात नाव सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिला उचलून आत नेलं, तेव्हा मी उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर, दिवे लागायच्या सुमाराला, मी मोगरी आणि जुन्या दरवाज्याच्या कोरड्या लाकडाची पाचर घेऊन वर गेले. खुंटी सरस लावून पुन्हा बसवली, शेजारी पाचर ठोकली, आणि आत वरवंटा ठेवून बराच वेळ झोके देऊन पाहिलं. साचा जागचा हलला नाही. बाळाची आई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "मावशी, आता तुम्हीच ठेवा ना तिला आत."

तिने अगदी सहज म्हटलं. मी हात बघितले. सरस आणि भुसा लागला होता. म्हटलं, थांब, हात धुऊन येते. मोरीत जाऊन साबण लावला. नखांतला सरस निघेना. मी पुन्हा साबण लावला, नख नखाने घासलं, कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले.

बाहेर आले तर बाळ पाळण्यात होतं. आजीच्या खांद्यावरच तिचा डोळा लागला होता.

"झोपली बघा एकदाची," वहिनी कुजबुजल्या. "आता उचलली तर रात्रभर जागवेल."

त्यांचं बरोबर होतं. मी दोरी हातात घेऊन दोन-चार झोके दिले. पाळणा करकरला नाही. वहिनींनी डब्यात घालून घुगऱ्या दिल्या, मुलगी म्हणाली, येत जा मावशी. मी हो म्हटलं.

पण जायला काही निमित्त लागतं, आणि खुंटी घट्ट बसली होती. मी सकाळी गॅरेजमध्ये जाऊन काम करते, सेक्रेटरींची खुर्ची आता माझ्या बाकावर आहे. दुपारी घरी येऊन पडले की माझं लक्ष वरच्या छताकडे जातं. पाळणा हलत असणार. मी कान देऊन ऐकते, एखादी करकर, निदान एकदा. काही ऐकू येत नाही. काम चांगलं झालं आहे.