शोध माझा नाही

इकडे उत्तरेत, गोमती नगरला आमच्या शेजारी मूळच्या साताऱ्याच्या एक बाई राहतात. त्या फळमाश्यांच्या मेंदूवर संशोधन करतात. लिफ्टमध्ये भेटल्या की "अच्छा, ऐका की," म्हणून सुरू होतात आणि मजला आला तरी दार हाताने अडवून बोलत राहतात. एका जातीचा नर मादीला रिझवताना तिला तोंडातला अन्नाचा थेंब भरवतो. त्याच्या भाऊबंद जातीत ही रीतच नाही. "पेशी दोघांकडे त्याच. एकाच्या मेंदूत त्या प्रणयाच्या केंद्राशी जोडल्या गेल्या, एवढंच नवीन."

परवा हजरतगंजला त्यांचं व्याख्यान होतं. पहिल्या रांगेत त्यांची बढती ठरवणारे साहेब बसले होते. अध्यक्षांनी हा शोध बाईंचाच असल्याचं सांगून टाकलं आणि टाळ्या पडल्या. बाई माइकपाशी आल्या. "ये खोज मेरी नहीं, दूसरी लैब की है. मैं उसके आगे का सवाल पूछ रही हूँ. जवाब अभी मिला नहीं."

मग बाई त्या थेंबाबद्दल इतक्या रंगून बोलल्या, की साहेबही पुढे सरकून ऐकू लागले.

शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने मला विचारलं, "आप जानते हैं इन्हें?"

मी ताठ बसत म्हणालो, "हाँ, हमारे पड़ोस की हैं. हमारी मराठी."