ट्रे हलवणारी

त्यांच्या न्हाणीघराच्या फरशीवर पिवळट-तपकिरी डाग होते आणि ते कशानेही निघत नव्हते. घरी नवीन माणूस आलं की बाई आधीच सांगून मोकळी व्हायची, "डाग आहेत, घाण नाही. आमच्या ह्यांचे प्रताप."

ह्यांचा धंदा ब्लॉकमेकरचा. छापखान्यासाठी जस्ताच्या पत्र्यावर अक्षरं आणि चित्रं अ‍ॅसिडने कोरून द्यायची. पुढे छापखान्यांना ब्लॉक नकोसे झाले. दुसरा एखादा शहाणा माणूस अशा वेळी घरी बसून भाजी निवडायला लागला असता. पण जित्याची खोड! ह्यांनी न्हाणीघरात बस्तान मांडलं आणि बोटींच्या, इंजिनांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळींना पितळेचे भाग करून द्यायला सुरुवात केली. काडीएवढी शिडी, बोटभर कठडा, नखावर मावेल असा दाराचा कडी-कोयंडा.

काम ऐकायला सोपं. कागदासारख्या पातळ पितळी पत्र्यावर उजेडाने घट्ट होणारा थर द्यायचा, त्यावर नक्षीची फिल्म ठेवून दिवा लावायचा, मग सोड्याच्या पाण्यात धुवायचं. जिथला थर निघून जातो तिथलं पितळ ट्रेमधलं तपकिरी द्रावण खाऊन टाकतं. या खाण्याला चाळीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ ट्रे एका लयीत हलवत राहावा लागतो. थांबलात की एकीकडे जास्त खाल्लं जातं, दुसरीकडे कमी.

आता हा ट्रे कोण हलवत असेल, ते वेगळं सांगायला नको.

लग्नानंतर छापखान्याचं घाईचं काम घरी यायचं तेव्हापासून बाई ट्रे हलवत आली होती. ह्यांना भिंग लावून पत्रा तपासायचा असायचा, घड्याळ बघायचं असायचं, सूचना द्यायच्या असायच्या. तीन कामं असलेल्या माणसाला चौथं कसं सांगणार? बाईचा उजवा खांदा गेली दोन वर्षं ठणकत होता. डॉक्टर म्हणाले होते, हाताला आराम द्या. ह्यांनी लगेच कबूल केलं होतं, "हा शेवटचा पत्रा." असे शेवटचे पत्रे आतापर्यंत अकरा झाले होते. बाई खरोखर थकली होती. तिला एवढंच हवं होतं की हे एकदाचं बंद व्हावं.

बारावा शेवटचा पत्रा बोटवाल्यांचा होता. हे बोटवाले गृहस्थ निवृत्तीपासून एकाच बोटीची प्रतिकृती करत होते. कठडे, शिड्या झाल्या होत्या. बोटीच्या नावाची पाटी तेवढी राहिली होती, उठावाच्या अक्षरांची.

आणि तिथेच घोळ झाला. ब्लॉकवर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तरच कागदावर सुलटी उमटतात. हाताला चाळीस वर्षांचं वळण. शिड्या-कठड्यांना उलटं काय नि सुलटं काय, म्हणून इतके दिवस निभावलं. या वेळी मात्र ह्यांनी अक्षरांची फिल्म सवयीने पालथी घातली, चाळीस मिनिटांनी पत्रा धुतला, भिंग लावलं आणि मटकन स्टुलावर बसले. आरशात बघावं तसं नाव. पाटीचा पत्रा फुकट.

ते चिडले असते तर बाईला बरं वाटलं असतं. पण त्यांनी बाटल्यांची झाकणं घट्ट केली, ट्रे धुऊन पालथा घातला, भिंग डबीत ठेवलं. दोन दिवस न्हाणीघर रिकामं होतं. बाईने पहिल्यांदाच बाटल्या न सरकवता अंघोळ केली. हवं ते मिळालं होतं, पण गोड काही लागेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते फोनवर बोटवाल्यांशी बोलत होते. "नाही हो, माझ्याच्याने नाही होणार आता. हात ठीक आहेत. डोकंच चालत नाही. साधी अक्षरं कळली नाहीत मला."

बाई दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"अहो, मला दिसलं होतं."

"काय?"

"फिल्म उलटी ठेवलीत ते. दिवा लावायच्या आधीच दिसलं होतं."

"तुला उलटं वाचता येतं?"

"जन्मभर दुसरं काय वाचायला दिलंत मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, एकदा बिघडू दे. मग तरी सोडाल. कंटाळा आला हो मला. पण तुमचं डोकं चालत नाही असं लोकांना सांगू नका. ते मला ऐकवत नाही. चूक तुमची एकट्याची नव्हती."

ते उठले, न्हाणीघरात गेले. ट्रे सुलटा केल्याचा आवाज आला. बाईने कपाळाला हात लावला. म्हणजे तेरावा शेवटचा! ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सवयीने पदर खोचत आत गेली.

दुपारी नव्या पत्र्यावर थर देऊन झाला. या वेळी फिल्म ठेवल्यावर त्यांनी तिला बोलावून विचारलं, "वाच बरं." तिने वाचलं. सुलटी होती. द्रावण ओतल्यावर तिने ट्रेकडे हात नेला तर त्यांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"तू बस. घड्याळ बघ."

"तुम्हाला जमायचं नाही. सांडाल."

"सांग ना मग कसं ते."

"जरा हळू. कोपरा उचला, पूर्ण ट्रे नको. हं, असं."

ते हलवत राहिले. दहाव्या मिनिटाला त्यांनी हात बदलला. पंधराव्याला पुन्हा बदलला. विसाव्या मिनिटाला त्यांच्या कपाळावर घाम होता. बाई म्हणाली, "अजून अर्धं राहिलंय." ते थांबले नाहीत, पण मान वळवून त्यांनी तिच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं.

"रोज एवढं दुखायचं?"

बाई घड्याळाकडे बघत म्हणाली, "ट्रे थांबवू नका."