सारवलेला पुरावा

खानापूरच्या जंगलात एक धनगरवाडा आहे. घरं थोडी, म्हशी पुष्कळ. आमचं घर बेळगुंदीचं, शेतकऱ्याचं. मी बेळगावात हायस्कुलात कन्नड शिकवतो. वाड्यावरचे आप्पा आमच्याकडे तूप घालायचे. त्या ओळखीनं त्यांची कन्नड कागदपत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला नाही म्हणवलं नाही. आमच्या शेताच्या उताऱ्यावर आजोबांपासून सगळ्यांची नावं आपोआप चढत आली. यांच्या पायाखालची जमीन मात्र कागदावर नुसतं जंगल. मला उगाच चोरट्यासारखं होतं. बायको म्हणते, शेजाऱ्याचं दूध उतू गेलं तरी तुम्हाला अपराधी वाटतं.

केंद्राच्या वनहक्क कायद्यात यांच्यासाठी वाट आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत नाव नसलं तर तीन पिढ्यांची वस्ती दाखवायची. दाखवली की घराची जागा आणि चराई हक्काची. नाहीतर कधीही उठा म्हणतील. पहिला निर्णय ग्रामसभेचा, म्हणजे वाड्यावरच्या माणसांचाच.

रोगराई आली की वाडा हलवायचा, ही त्यांची रीत. मागे उरतात ते गोठ्याच्या भिंतींचे दगड. वर चढावर अशा जुन्या भिंती होत्या, शेवाळलेल्या, अर्ध्या मातीत गेलेल्या. सगळा दावा त्यांच्यावर उभा होता.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी आप्पांना फोन केला. "साहेब लोक येणार. जुनी जागा जरा नीट करून ठेवा." वाटेतलं काटेरी झुडूप काढा, एवढंच माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी फॉरेस्टर, तलाठी आणि मी वर पोचलो. भिंती नव्हत्या. त्या दगडांचा ऐसपैस कट्टा झाला होता, ताज्या शेणानं सारवलेला, वर घोंगडं.

"बसा साहेब," आप्पा म्हणाले. "काल समद्यांनी लागून केलंय."

फॉरेस्टर माझ्याकडे वळला. "सर, तीन पिढ्या कुठं आहेत? हे तर कालचं आहे."

"मग पाव्हण्यास्नी पडक्यात बसवायचं व्हय?" आप्पांची थोरली बहीण म्हणाली. तिला सगळा वाडा आक्का म्हणतो.

सभा तिथंच भरली होती, ठराव मीच लिहिणार होतो. मी आप्पांच्या कानाशी लागलो. "पावसानं भिंती ढासळल्या, असं लिहितो."

आप्पांना कमी ऐकू येतं. त्यांनी सगळ्यांना विचारलं, "मास्तर म्हणत्यात, पावसानं पडल्या म्हणून लिवू का?"

फॉरेस्टर आभाळाकडे बघू लागला.

"पावसानं पाडल्या आन् पावसानंच सारवल्या व्हय रं मास्तर?" आक्का म्हणाली. हसणं थांबल्यावर तिनं बजावलं, "एक खोटं घावलं तर आमचं खरंबी कोण ऐकणार न्हाय. झालं तसं लिव."

"मग मास्तरांनी सांगितलं हेबी लिवा," एकजण म्हणाला.

"नको रं, नोकरी जाईल त्यांची."

मी मध्येच बसलेलो, आणि माझ्यावर चर्चा चाललेली. शेवटी तेही लिहायचं म्हणून हात वर झाले. मीही केला.

मी लिहिलं: पाहुणे येणार म्हणून आम्ही जुन्या भिंती काढून कट्टा केला. जागा नीट करा असं मास्तरांनी सांगितलं होतं. दगड इथंच आहेत, कट्टा उकलून बघावा. मग कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत वाचून दाखवलं. माझ्या ओळीला आवाज बारीक झाला.

"ते परत वाच," आक्का म्हणाली. "आप्पाला ऐकू आलं न्हाय."

कट्टा उकलला. सारवणाखालच्या दगडांची एक बाजू शेवाळानं काळी होती. भिंतींच्या जागी चर पडले होते, आणि मधली माती शेणखताची, काळीभोर. फॉरेस्टरनं काठी खुपसली, ती आत जातच राहिली. "हे एका रात्रीत होत नाही," तो म्हणाला आणि तसं लिहून सही केली.

उपविभागाच्या समितीत तो ठराव वाचला गेला तेव्हा माझ्या ओळीला तिथंही हसले म्हणे. पुढं जिल्ह्यानं दावा मान्य केला. हक्कपत्रं आल्यावरच्या पहिल्या सभेत ठरलं, भिंती पुन्हा रचायच्या आणि मास्तरांनी रविवारी कामाला यायचं. मला काही विचारण्याची पद्धत तिथं नाही. आक्का दगड दाखवते, मी उचलतो.