आजोबा कोणत्या दिवसात बसतात

माझ्या वतीने परस्पर शब्द देऊन टाकायची माझ्या बायकोला सवय होती. कुणाच्या लग्नातली कमान, संडेस्कूलचे पडदे, नाताळच्या नाटकातली पुठ्ठ्याची मेंढरं, सगळं ती आधी कबूल करून यायची आणि मग चहा ठेवता ठेवता मला सांगायची. मी चिडायचो आणि करायचो. गेल्या उन्हाळ्यात तिने असाच एक शब्द दिला. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंच्या दोन मुलींना मी चित्रकला शिकवणार होतो. मी नेहमीसारखा चिडलो. शिकवणी सुरू व्हायच्या आधी ती गेली. चिडायला समोर कोणी उरलं नाही, शब्द मात्र तसाच उभा राहिला.

जुलैत त्या बाईंचा फोन आला. घाई नाही, म्हणाल्या, पण काकूंनी हो म्हटलं होतं.

पुसदच्या एका शाळेत ड्रॉईंग शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे मुलं मला नवीन नव्हती. नवीन होतं ते घर. तिथल्या मुली शाळेत जात नव्हत्या. थोरली अकरा वर्षांची, धाकटी सातची. आई पूर्वी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवायच्या. तिथलं काय काय बघून त्यांनी नोकरी सोडली आणि मुलींना घरीच शिकवायला घेतलं. दहावी पुढे ओपन बोर्डातून द्यायची, असं ठरलेलं. प्रत्येक विषय शास्त्रापासून, म्हणजे बायबलपासून सुरू व्हायचा. गणितात तारवाची लांबी-रुंदी, भूगोलात वाळवंटातला प्रवास. माझी याला हरकत नव्हती. मीही त्याच मंडळीतला. चित्रकला म्हणजे देवाने केलेलं नीट बघणं, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला बरंच वाटलं. माझ्या शाळेत कुणी एवढंही म्हणत नसे. ड्रॉईंगचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांना उसना देण्याचा तास.

पण बाईंनी अभ्यासक्रम आधीच आखला होता. पुढच्या खोलीत भिंतीवर एक मोठा तक्ता, त्यावर निर्मितीचे सहा दिवस, सहा रकाने. एकेका दिवसाला साधारण दीड महिना. देवाने ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने मुलींनी काढायचं. पहिला दिवस उजेड आणि अंधार. दुसरा आकाश आणि पाणी. तिसरा कोरडी जमीन आणि झाडं. चौथा सूर्य, चंद्र, तारे. पाचवा मासे आणि पाखरं. सहावा जनावरं आणि शेवटी माणूस. क्रम मोडायचा नाही.

पहिल्या तासाला मी पिशवीतून पितळी लोटा काढून खिडकीजवळ ठेवला.

"सर, वस्तू नकोत," बाई म्हणाल्या. "वस्तू तिसऱ्या दिवसापासून."

मी म्हटलं, उजेड कशावर तरी पडल्याशिवाय दिसत नाही. लोटा नको तर नुसतं भिंतीवरचं ऊन काढू. त्यावर त्या म्हणाल्या की ऊन चौथ्या दिवशीचं, तोवर सूर्य नव्हता. म्हणजे मला वस्तूशिवाय आणि सूर्याशिवाय छायाप्रकाश शिकवायचा होता. मी लोटा पिशवीत घातला. धाकटीने आपल्यापुरता मार्ग काढला. तिने अख्खं पान पेन्सिलने काळं केलं, त्यात बोटं, कोपर आणि नाकाचा शेंडाही काळा झाला. मग म्हणाली, अंधार झाला, आता देव बोलेपर्यंत मी खेळायला जाते. तिला त्या पानावर सोनेरी चांदणी चिकटवून मिळाली.

दुसऱ्या दिवसाच्या दीड महिन्यात पट्टी निघाली. आकाश आणि पाणी वेगळं झालं, तर मधली रेघ सरळच हवी, असं बाईंचं म्हणणं. मी म्हटलं, पूस धरणावर जाऊन बघा, पावसाळ्यात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दोघींना पट्ट्या दिल्या. मी घरी येताना गाडीवर एकटाच बोलत आलो. पूर्वी हे सगळं बोलायला घर होतं.

या सगळ्याआधी दर तासाला प्रार्थना असायची. धाकटी न चुकता माझ्यासाठी मागायची, की प्रभू, सरांना हसव. डोळे मिटून मी ऐकायचो. हसायचं म्हटलं तरी पंचाईत, न हसायचं म्हटलं तरी पंचाईत.

मंडळीत वेगळाच त्रास होता. बायकोच्या कबरीवरचा दगड. तुम्ही तर ड्रॉईंगवाले, अक्षरं तुम्हीच काढणार ना सर, असं भेटेल तो विचारायचा. गवंड्याने सांगितलं होतं की आपली काळी माती पावसात फुगते, मग दबते, ती बसल्याशिवाय दगड ठेवायचा नाही. मी सगळ्यांना तेच सांगायचो, की माती बसू द्या. ते खरंही होतं आणि सोयीचंही.

सोयीचा म्हटलं तर बाईंचा तो तक्ताही होता. माणूस मार्चात येणार होता. तोवर मला कुणाचा चेहरा काढायचा नव्हता, काढून दाखवायचा नव्हता. एवढ्या एका गोष्टीसाठी मी बाकीचं सगळं चालवून घेत होतो.

तिसरा दिवस लागला आणि मला जरा हायसं वाटलं. समोर ठेवायला निदान काहीतरी मिळालं. तुरीची फांदी, सीताफळ, कापसाचं फुटलेलं बोंड. सीताफळाचे डोळे थोरलीने असे काढले की मी जागेवरून उठून तिच्या मागे जाऊन बघितलं. ती मुलगी बघायची. हे शिकवता येत नाही. पण ती फांदीकडे कमी आणि खोलीच्या कोपऱ्यात जास्त बघायला लागली होती. कोपऱ्यात तिच्या आजोबांची खाट.

आजोबा म्हणजे बाईंचे सासरे. जन्मभर फुलसावंगीला प्राथमिक शाळेत मास्तर, रविवारी उपदेशक. आता न्हाणीघरात दोनदा पडल्यापासून खाटेवर. थोरली त्यांच्याजवळच झोपायची, गोळ्या द्यायची, भांग पाडायची. दिवाळीच्या सुट्टीत मोठा मुलगा येऊन त्यांना नागपूरला घेऊन जाणार होता, कायमचं. तिकडे घराजवळ डॉक्टर होते, लिफ्ट होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं आणि ते बरोबरही होतं.

एक दिवस पेन्सिलला टोक करता करता थोरलीने मला हळूच विचारलं, "सर, आजोबा जायच्या आधी सहावा दिवस येईल का?"

मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. पुढच्या तासाला तुरीच्या फांदीच्या चित्रामागे, कागदाच्या पाठीवर, मला एक नाक दिसलं. आजोबांचंच, टोकाशी जरा डावीकडे वळलेलं. ते बाईंनाही दिसलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी खोडरबर घेतला, नाक खोडलं, हाताने भुगा झटकला, आणि मुलीला समजावलं की घर सजवून झाल्यावर पाहुण्याला बोलावतात, तसं देवाने माणसाला शेवटी आणलं, आपणही थांबायचं. सांगणं चांगलं होतं. एरवी मला आवडलंही असतं. पण त्या नाकावर मुलीचा आठवडा गेला असणार.

मी म्हटलं, बाई, हे जाणार आहेत. एवढा एक क्रम सोडा.

आज हा सोडला तर उद्या दुसरा सोडावा लागेल, असं त्यांचं उत्तर. शिवाय आजोबांचा चांगला फोटो आहे, सुटाबुटातला. मार्चात त्यावरून काढता येईल.

घरी माझ्या भिंतीवरही एक चांगला फोटो आहे. अंत्यविधीसाठी मंडळीतल्या मुलांनी स्टुडिओतून मोठा करून आणला. स्टुडिओवाल्याने तिला गोरं केलंय, कपाळावरच्या आठ्या पुसल्यात, आणि मागे निळे ढग घातलेत. मी रोज त्याच्याकडे बघतो आणि रोज तिथे कोणी दुसरीच बाई असते.

"फोटोत माणूस नसतो, बाई," मी म्हणालो. "फोटोत स्टुडिओवाला असतो."

माझा आवाज चढला होता. शाळेतही तो फारसा चढत नसे. धाकटी टेबलाखाली गेली. बाई म्हणाल्या, सर, अभ्यासक्रम काकूंना दाखवला होता, त्यांना आवडला होता. हे ऐकून मी आणखीच चिडलो, कारण तेही खरं असणार. तिला सगळ्यांचंच आवडायचं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"सूनबाई, मानूस कायचा बनवला देवानं?"

"आबा, तुम्ही पडून राहा."

"पडूनच आहो. सांग तं खरं, कायचा?"

"मातीचा," थोरली म्हणाली.

"अन् माती कोन्या दिवशी वर आली?"

तक्ता सगळ्यांना दिसत होता.

"तिसऱ्या," आजोबा म्हणाले. "मंग माती आज काढू द्या पोरीले. फुंकर मार्चात मारजा."

बाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. तेवढ्या वेळात त्यांनी काय काय उघडून बघितलं असेल ते मी समजू शकतो, कारण त्या वाद जिंकण्यासाठी वाद घालणाऱ्या नव्हत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, आबांचं म्हणणं धरता येईल. पण मग ते नुसतं मातीपुरतं. श्वास घालायच्या आधीचं. म्हणजे डोळे उघडे नकोत.

मी कपाळाला हात लावला. थोरली मात्र कागद बदलून खाटेजवळ स्टूल घेऊन बसलीसुद्धा.

मिटल्या डोळ्यांचा चेहरा. बाईंना ते सुचलं तेव्हा त्यांच्या मनात माझा विचार असणं शक्य नव्हतं. त्यांना क्रम सांभाळायचा होता. पण माझ्या बायकोचा चेहरा मी शेवटचा पाहिला तो तसा होता, आणि तेव्हापासून मी कुणाकडेच चित्र काढणाऱ्याच्या नजरेने पाहिलं नव्हतं. मला उठून जावंसं वाटलं. चप्पल दारातच होती.

आजोबांना डोळे मिटून राहवेना. दर दोन मिनिटांनी एक डोळा उघडून ते नातीच्या कागदाकडे बघायचे.

"आजोबा, डोळे मिटा ना."

"डोये मिटले का झोप येते मले."

"मग झोपा."

"अन् तू माहे कान मोठे काढशीन."

कान मोठे झालेच. तोवर आजोबा खरोखर झोपले, तोंड उघडं टाकून, घोरत. मुलीने कपाळ बरोबर पकडलं, नाक पुन्हा बरोबर डावीकडे वळवलं, आणि डोळ्यांपाशी येऊन अडली. तिने एक रेघ काढली, खोडली, पुन्हा एक रेघ काढली. डोळा मिटला की रेघ होते, असं तिला वाटत होतं. सगळ्याच मुलांना वाटतं.

मग मला जवळ जावं लागलं. म्हातारे झोपेत होते, तरी चेहरा थांबलेला नव्हता. पापणीच्या आत बुबुळ सरकत होतं, नाकपुडी हलत होती, गालाची सैल कातडी प्रत्येक श्वासाला जराशी वर येत होती. मी जे आठवून मनाने दारापर्यंत जाऊन आलो होतो, त्यातलं इथे काहीच नव्हतं.

मी तिला म्हटलं, पापणी म्हणजे रेघ नाही. खाली एक गोळा आहे, पापणी त्याच्यावर कापड ओढल्यासारखी बसते. आधी गोळा काढ. तिला कळेना. म्हणून मी पेन्सिल घेतली आणि पानाच्या कडेला काढून दाखवली. गोळा, त्यावरची ओढ, कोपऱ्यातली छोटी घडी, खाली थोडी सावली. मागचे काही महिने हाताने सह्यांशिवाय काही केलं नव्हतं, तरी हात थांबला नाही.

तिने नीट बघितलं. "ही आजोबांची नाही."

"नाही."

"खोडू?"

मी म्हटलं, राहू दे, तू तुझी काढ. तिने काढली. दोन्ही पापण्या एकसारख्या नव्हत्या, पण दोन्हींच्या खाली डोळे होते.

दिवाळीत मोठा मुलगा आला. जाताना मी भेटायला गेलो तर आजोबा गाडीत मागच्या सीटवर उशी घेऊन बसले होते. चित्र त्यांनी पाहिलं होतं. कान त्यांच्या थोरल्या भावाचे आहेत, असं त्यांचं मत होतं. बाकी मान्य.

"मास्तर," ते म्हणाले, "पोरीले घेऊन मार्चात नागपूरले येजा. डोये उघडाचे राह्यले."

थोरली गाडी वळेपर्यंत फाटकात उभी होती. ती रडली नाही. आत गेली आणि खाटेवरची चादर काढून तिने घडी घालून ठेवली.

पुढच्या तासाला बाई तिसऱ्या दिवसाची फाईल बंद करत होत्या. तुरीची फांदी, सीताफळ, बोंड, धाकटीचं एक निवडुंग, आणि त्यांच्यामधे आजोबा, घोरत. मुलीने ते पान आजोबांसोबत जाऊ दिलं नव्हतं. आता त्या पानावर बाईंचं बोट कडेला थांबलं.

"सर, ही पापणी कोणाची? हे मी कोणत्या दिवसात लावू?"

असा प्रश्न त्याच विचारू शकतात. मी म्हणालो, "तिसऱ्यातच लावा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंशी त्यांची ओळख माझ्यापेक्षा कमी नव्हती, निदान रविवारच्या प्रार्थनेपुरती तरी. पहिल्यांदाच त्यांनी काही विचारलं नाही, काही दुरुस्त केलं नाही. पान फाईलमध्ये सरकवलं आणि फाईल मिटली.

मग चौथा दिवस सुरू झाला. सूर्यासाठी त्यांनी दोघींना कंपासपेट्या आणून ठेवल्या होत्या. सूर्य गोल असतो, तर वर्तुळ कंपासनेच काढायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी पिशवीतून लोटा काढून खिडकीत ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून भांडायला सुरुवात केली.