पिवळ्या डब्यातला फ्रॉक

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना मोठी माणसं दिसतच नाहीत. त्यांना कापड दिसतं. जिन्यात भेट झाली की ते तब्येत विचारतात, पण विचारता विचारता त्यांची दोन बोटं आपल्या बाहीचं कापड चिमटीत धरून चोळत असतात, आणि आपण "बरी आहे" म्हणेपर्यंत त्यांना हवं ते उत्तर मिळालेलं असतं. "सुती हाय. कॉलर गेली, पण पाठ मजबूत हाय," असं स्वतःशीच म्हणून ते पुढे निघतात. शर्टाची पाठ शेवटपर्यंत चांगली राहते, फाटतं ते सगळं पुढचं आणि काठाचं, हा त्यांचा सिद्धांत आहे आणि त्यावर ते अर्धा तास बोलू शकतात. एकदा त्यांच्याकडे कोणी दूरचे पाहुणे लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. काकांनी पत्रिका न उघडताच बाजूला ठेवली, पाहुण्यांच्या पँटकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही पँट कधी सोडणार तुम्ही?" पाहुणे दचकले. "म्हंजी टाकायची झाली की," काकांनी समजावलं, "दोन चड्ड्या अन् एक टोपडं निघतंय यातून." पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. पण लग्न पार पडल्यावर महिन्याभराने तेच गृहस्थ ती पँट धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून घेऊन आले. काकांचं हे असं आहे. आधी त्यांचा राग येतो, मग त्यांना पँट आणून द्यावीशी वाटते. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बाई आता आमच्या गल्लीत वळतसुद्धा नाही.

काकांची सगळी नोकरी वाळूजला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात झाली, तीही तपासणी विभागात. म्हणजे लोकांनी बनवायचं आणि काकांनी नाकारायचं. निवृत्त झाल्यावर पहिला आठवडा ते शांत बसले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी काकूंच्या पोळ्या मोजायला घेतल्या. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना व्हर्नियर भेट दिला होता, केसाची जाडीही मोजणारी ती पोलादी पट्टी. तो पोळीला लावून ते म्हणाले, "सहा पोळ्यांत दोन सारख्या नायत." काकू कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, पोळी तोंडात जाती. तिथं कोण मोजतंय? मोजायचंच आसंल तर ती मशीन घ्या. मला आता सुईचं नाकं दिसत नाय." ती मशीन काकूंच्या लग्नातली, पायांनी चालवायची. तिच्यावर त्यांनी सगळ्या नात्यातल्या पोरांची झबली-टोपडी जुन्यातून काढून शिवली होती. काका त्या दिवशी मशीनवर बसले ते उठलेच नाहीत.

काकांच्या मते लहान मूल म्हणजे एक जॉब, कारखान्यात मापात बसवायचा तुकडा असतो तसा, आणि तोही सगळ्यात अवघड, कारण मोजून होईपर्यंत तो वाढतो. रविवारी सकाळी खालच्या पार्किंगमध्ये सोसायटीतली पोरं खांबाला पाठ लावून रांगेने उभी राहतात. काका खांबावर खडूने रेघ मारतात, मग मनगटाला व्हर्नियर लावतात. "हालू नको. हाललास तर बाही गुडघ्याला येईल," एवढीच धमकी असते. शिवणीत ते भरपूर माया सोडतात, फ्रॉकच्या घेराला आतून तीन दुमडी घालतात आणि दर दिवाळीला त्यातली एक उसवून देतात. तान्ह्यांच्या कपड्याला बटण कधीच लावत नाहीत, बंद लावतात, कारण बटण हे तोंडात जाण्यासाठीच जन्माला आलेलं असतं असं त्यांचं म्हणणं आहे. शिवून झालेल्या चड्डीच्या नेफ्याला दोन किलो तूरडाळीची पिशवी लटकवून ती एक अख्खा दिवस खिडकीत टांगून ठेवली जाते. अशा दिवशी जेवायला बसलेल्या पाहुण्याला काकू शांतपणे सांगतात, "आज वरण नाय. डाळ ड्युटीवर हाय." दौलताबादच्या सहलीत तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा किल्ल्याच्या पायऱ्यांवरून घसरत खाली आला. दप्तराची चेन गेली, एक चप्पल गेली, पण चड्डीची एक टीप सुटली नाही. काकांनी त्याला उभं करून मागून चड्डी तपासली आणि समाधानाने मान हलवली. मुलाचा गुडघाही फुटला होता, पण गुडघा त्यांच्या खात्यात येत नव्हता.

प्रत्येक कपड्याला काकांची एक चिठ्ठी टाचलेली असते. तिच्यावर माप, तारीख आणि "मूळ माल". त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या पोरांना आपल्या अंगावर कोण आहे हे नेमकं माहीत असतं. गणपतीच्या आरतीला एका चिमुरडीने दुसऱ्या मजल्यावरच्या, कोणाशीच न बोलणाऱ्या आजोबांना सगळ्यांसमोर सांगितलं, "आजोबा, मी तुमचा लेंगा घातलाय." आजोबा क्षणभर गोरेमोरे झाले. आता ते रोज संध्याकाळी खाली येऊन बसतात. आपला लेंगा घसरगुंडीवर कसा चाललाय ते बघतात.

मीही फारशी बोलणारी नाही. इंग्रजी शाळेत शिकले, घरूनच काम करते, आणि जिन्यात लोकांना चुकवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. एकदा आईने काकूंची वाटी परत द्यायला पाठवलं, तेव्हा दाराशीच एक छोटा फ्रॉक टांगलेला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "डावा खिसा खाली आहे." काकांनी मोजला. दोन मिलिमीटर खाली होता. चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बोलत नायस, म्हणून तुला दिसतंय लई. उद्यापासून ये." कारखान्यातला नियम असा, की ज्याने पीस बनवला त्याने तो पास करायचा नाही. निवृत्तीनंतर काका बनवणारेही तेच आणि तपासणारेही तेच झाले होते, आणि हे पाप त्यांच्या मनाला खात होतं. मी आले आणि ते सुटले. तेव्हापासून मी दारात दिसले की ते काकूंना हाक मारतात, "अगं, साहेब आले. चहा टाक."

साहेबांच्या टेबलावर बिस्किटांचे तीन रिकामे डबे असतात, रंगवलेले. हिरव्यात पास झालेले कपडे, लालमध्ये नापास. तिसरा पिवळा. तो कशाला, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "डेव्हिएशन," काका म्हणाले. "म्हंजी चूक हाय, पण काम अडत नाय. आसा पीस गिऱ्हाईकाला चूक दाखवून, त्याची सही घेऊनच द्यायचा. लपवून नाय." मग डबा बाजूला सरकवत, "लागत नाय तो. माझ्याकडं येक तर बरोबर, नायतर चूक." त्यामुळे पिवळ्या डब्यात बटणं ठेवलेली असायची. मी अगदी कडक साहेब होते. काकांचे कितीतरी कपडे मी लाल डब्यात टाकले आणि दर वेळी त्यांचा चेहरा उजळला. चिठ्ठ्या मराठीतच लिहायच्या अशी त्यांची अट होती, तेवढ्यावर माझं मराठी अक्षर जरा वाचण्यासारखं झालं.

गेल्या हिवाळ्यात काका चहाचा कप डाव्या हाताने घेऊ लागले. उजवा हात खिशात. सुईत दोरा ओवायला ते मला सांगू लागले, "तुझी नजर चांगली हाय" म्हणून. हात थरथरतोय हे मला दिसलं होतं, काकूंना तर कधीच दिसलं असणार. आम्ही दोघी बोललो नाही. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे काकांनी न सांगताच ठरलेलं होतं.

आणि नेमका तिचाच फोन आला. तिची मुलगी वर्षाची होणार होती आणि पहिला वाढदिवस इथेच करायचा होता. "बाबा, तिला माझ्यासारखा निळा फ्रॉक शिवा," ती म्हणाली. कारखान्यातून काकांना दरवर्षी निळ्या शर्टाचा गणवेश मिळायचा, आणि जुन्या शर्टांतून काकू लेकीचे फ्रॉक शिवायच्या. तिचं सगळं लहानपण त्या निळ्यात गेलं. काकांनी ते फारसं पाहिलंच नाही. ते शिफ्टच्या बसमध्ये बसायचे तेव्हा ती झोपलेली असायची. आता तसला एकच शर्ट उरला होता, कपाटात, घडीचा. अख्ख्या सोसायटीचे कपडे कापणाऱ्या काकांनी स्वतःचा तेवढा ठेवला होता. तो त्यांनी बाहेर काढला, दोन दिवस नुसता टेबलावर पसरून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी कापला.

मग चार दिवस मला खाली बोलावणं नव्हतं. वर माझ्या खोलीत मशीनचा आवाज यायचा. एरवी तो आवाज लांबलचक असायचा, सरळ रस्त्यावर सायकल चालल्यासारखा. आता थोडा व्हायचा, थांबायचा, पुन्हा थोडा व्हायचा.

पाचव्या दिवशी दुपारी काकांनी फ्रॉक माझ्यासमोर ठेवला. "घ्या साहेब," म्हणाले आणि खिडकीशी पाठ करून उभे राहिले. पुढची बाजू सुरेख होती. शर्टाचा खिसा लहान करून छातीवर बसवला होता. गळा, मुंढे, घेर, सगळं बरोबर. मी फ्रॉक उलटा केला. पाठीची शिवण वरून नीट येत होती, मध्येच चालत्या माणसाला कोणी हलकं ढकलावं तशी बाजूला गेली होती आणि पुन्हा रस्त्यावर आली होती. मी पट्टी लावली. चार मिलिमीटर. काकांची मर्यादा दोनची. उसवून पुन्हा शिवायचं म्हटलं, तर जुनं कापड त्याच जागी दुसऱ्यांदा सुई सोसत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. आणि दुसरा शर्ट नव्हता.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"काय निघालं?" काकांनी खिडकीतूनच विचारलं.

"काका..."

"काकाकडं नको बघू. पीस बघ."

हिरव्या डब्यात टाकला असता, तर त्यांनी मागून मोजला असता आणि पुन्हा कधी मला साहेब म्हणाले नसते. लाल डबा माझ्याच्याने जवळ ओढवेना. मी पिवळा डबा घेतला आणि त्यातली बटणं टेबलावर ओतली. दोन-तीन घरंगळत खाली गेली. त्या आवाजाने काका वळले. मी चिठ्ठीवर लिहिलं, "पाठीची शिवण मध्ये चार मिलिमीटर सरकली आहे. घालायला अडचण नाही. गिऱ्हाईकाची सही घ्यावी." काकांनी चिठ्ठी घेतली, दोन्ही हातांनी धरून दोनदा वाचली. "अक्षर सुधारलं की तुझं," म्हणाले. मग फ्रॉकची घडी घालून स्वतःच पिवळ्या डब्यात ठेवली. "गिऱ्हाईक यायला तीन दिवस हायत."

वाढदिवसाला मला खाली जायचं नव्हतं, एवढी माणसं होती. पण साहेबांशिवाय माल देता येत नाही असा निरोप आला. नातीला फ्रॉक घातला. तो तिला सैल बसला, म्हणजे काकांच्या हिशोबाने बरोबर. ओवाळण्याआधी काका नातीसमोर ताठ उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत माझी चिठ्ठी शब्द न शब्द वाचून दाखवली. लोक हसले. लेक मात्र हसली नाही. तिने मुलीला वळवलं, पाठीच्या शिवणीवरून बोट नेलं, मध्ये थांबली, आणि मग वर काकांच्या उजव्या खिशाकडे पाहिलं.

"बाबा, हात दाखवा."

काकांनी हात बाहेर काढला. तो थरथरत होता. लेकीने तो आपल्या दोन्ही हातांत धरला. काकू मागून म्हणाल्या, "माझे फ्रॉक यांनी तपासले आसते ना, तर तू उघडीच वाढली आसतीस." तेव्हा लेक हसली, हसता हसता तिने डोळे पुसले. तेवढ्यात नातीने काकांच्या दुसऱ्या हातातली चिठ्ठी ओढून तोंडात घातली. काकांनी ती हळूच सोडवून घेतली, चिठ्ठीच्या ओल्या कोपऱ्याकडे नीट पाहिलं आणि माझ्याकडे देत म्हणाले, "घ्या साहेब. सही झाली."

लेक दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. आता गोळ्या चालू आहेत, हात थोडा कमी थरथरतो, पण मशीनवर काका बसत नाहीत. मशीनवर मी बसते. साहेबांच्या खुर्चीवर काका. तिसऱ्या मजल्यावर नुकतंच बाळ आलंय, आणि बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागावं अशी रीत आहे, म्हणून मी माझ्या एका मऊ झालेल्या कुर्त्याचं झबलं शिवतेय. चार वेळा ते लाल डब्यात गेलं, आणि दर वेळी मी कुर्त्यातून नवा तुकडा कापला. काका आता व्हर्नियर लावत नाहीत, शिवणीवरून नुसतं बोट फिरवतात. कापडावर टेकलं की त्यांचं बोट थरथरत नाही. हेही मला दिसतं आणि हेही मी कोणाला सांगितलेलं नाही.

काल पाचव्यांदा दिलं. त्यांनी बोट वरपासून खालपर्यंत नेलं, परत वर आणलं आणि झबलं मांडीवरच ठेवलं. कुठल्याच डब्याकडे हात गेला नाही. "उद्या ये," म्हणाले. "उद्या उजेडात येकदा बघू." बाहेर लख्ख ऊन होतं. चांगला पीस पहिल्या स्पर्शालाच कळतो, हे मला त्यांनीच शिकवलंय. पण झबलं आजच पास झालं असतं, तर उद्या मला बोलवायला कारण उरलं नसतं. मी बरं म्हटलं आणि मशीनवर कापड झाकून वर आले.